गाभडलेली गाय आणि घरातील गर्भवती

रायपूरनजीकचे उरला आज कारखान्यांमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु छत्तीसगडचा हा मुलूख मुळात भाताचा व गुरांचा. गुरे राखणारे राऊत गावच्या गाई एकत्र करून चरावयास नेतात. अशा कळपातील एखादी पहिलारू गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली की घरची माणसे दृष्टीला, नाहीतर दैवाला बोल लावतात. मेलेले वासरू व वार उचलून गोठा धुण्याचे काम मात्र बहुधा घरातील स्त्रीकडे येते, आणि ते ती उघड्या हातांनी करते. ती स्वतः गर्भवती असली तर?

पशुवैद्य ज्याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात, त्या ब्रुसेलोसिसचा इतिहास माल्टा बेटावर सुरू झाला. तेथे तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये एक जंतू वेगळा केला. डेन्मार्कचे बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गाईंतील जंतूचे वर्णन केले. हे दोन्ही जंतू निकटचे भाऊबंद आहेत, असे ॲलिस इव्हान्स या अमेरिकन विदुषीने १९१८ मध्ये दाखविले, तेव्हा कित्येक पंडितांना ते पटेना!

गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचे गोडसर द्रव्य असते. त्यावर हा जंतू पोसतो. स्त्रीच्या वारेत ते नसते. म्हणून स्त्रीच्या गर्भाला त्याचे विशेष भय नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. सौदी अरेबियातील एका रुग्णालयात आलेल्या ९२ बाधित गर्भवतींची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ४३ टक्के स्त्रियांचा गर्भ पहिल्या सहा महिन्यांतच गेला होता. ज्यांना वेळीच औषध मिळाले, त्यांचे गर्भ अधिक वाचले.

एकदा गाभडलेली गाय पुढील खेपेस पुष्कळदा दिवस भरून विते आणि घरी आनंद होतो. परंतु तिच्या दुधातून व विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर पडू शकतात. धारोष्ण दुधाची थोरवी येथे महागात पडते. उकळलेल्या दुधात जंतू जगत नाही.

गाईंसाठी लस आहे. कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना ती एकदाच टोचावयाची असते, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्यालाही सांभाळूनच काम करावे लागते.

गाय गाभडली तर गर्भवतीने गोठ्यात पाऊल टाकू नये. इतरांनी हातमोजे घालून वासरू, वार व भिजलेले गवत खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, आणि पशुवैद्यास कळवावे. या रोगाचा ताप मलेरिया किंवा विषमज्वरासारखा भासतो. म्हणून अंगात ताप राहणाऱ्या गर्भवतीने, गोठ्यात काय घडले ते डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.