शिकतां शिकतां शिकविणें



पंतोजींच्या शाळेंत मोठा मुलगा धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेई, हें आपण वाडवडिलांकडून ऐकलें आहे. पण ते पाढे पंतोजींना येत असत. मुलगा केवळ त्यांचा उजवा हात. जी विद्या अजून पाठ्यग्रंथांत उतरलेली नाहीं, ती विद्यार्थ्यानेंच शिकविली, तर त्या शिकवणीला किती मोल द्यावें? आज मी अशाच एका वर्गाची हकीकत सांगणार आहें. तो 2015 सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सुरू झाला. संगणकाला चित्रांतील वस्तु ओळखावयास कसें शिकवावें, हा त्याचा विषय.

शास्त्र किती कोवळें होतें पाहा. 2012 सालीं टोरांटोच्या ॲलेक्स क्रिझेव्स्की व इल्या सुट्स्केव्हर या दोन विद्यार्थ्यांनीं, गुरु जेफ्री हिंटन यांच्यासह, चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत न्यूरल नेटवर्क उतरविलें. त्याच्या चुका शेंकडा 15.3 भरल्या, दुसऱ्या क्रमांकाच्या 26.2. त्यानंतर निबंधांचा पाऊसच पडला. मात्र गुडफेलो, बेंजिओ व कूर्व्हिल यांचा सांगोपांग ग्रंथ छापून निघाला तो 2016 सालीं. वर्ग आधीं आणि ग्रंथ मागाहून!

वर्ग आखण्याचा व शिकविण्याचा मुख्य भार आंद्रे कार्पाथी यांनीं उचलला. प्राध्यापिका फेई-फेई ली यांच्या हाताखालीं ते तेव्हां पीएच. डी. चा अभ्यास करीत होते. त्यांना हा अधिकार कोणी दिला, असें कोणी विचारील. त्यांनीं 2014 सालीं एक विलक्षण उद्योग केला होता. त्याच स्पर्धेंतील दीड हजार चित्रें स्वतः बसून ओळखलीं आणि यंत्राशीं आपली तुलना केली. वस्तूंचे प्रकार एक हजार, त्यांत कुत्र्यांच्याच जाती शंभराहून अधिक! त्या जातींनीं त्यांना पुरतें घायकुतीस आणलें. प्रत्येक चित्राला पांच उत्तरांची मुभा असतांही त्यांच्या चुका शेंकडा 5.1 झाल्या, त्या वर्षींच्या विजयी यंत्राच्या त्याच चित्रांवर 6.8. यंत्र कोठें अडतें आणि माणूस कोठें अडतो, हें ज्यानें असें अंगमेहनतीनें पाहिलें, त्याचा अधिकार मला पदवीपेक्षां मोठा वाटतो.

आतां वर्गांतील गृहपाठाविषयीं. यंत्राचें उत्तर चुकलें म्हणजे ती चूक शेवटच्या थरापासून पहिल्या थराकडे मागें मागें नेऊन, आंतील प्रत्येक आंकड्याच्या पदरीं किती दोष येतो हें काढावें लागतें. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. तयार साधनें हें गणित आपोआप करितात. तरी मुलांना तें हातानें लिहावें लागे. मुलांनीं कुरकुर केली. 2016 सालीं कार्पाथींनीं लेख लिहूनच उत्तर दिलें. आरंभींचे आंकडे वाजवीपेक्षां मोठे घेतले, तर सिग्मॉइड नांवाच्या वक्ररेषेचा चढ जवळजवळ सपाट होतो, मागें येणारा दोष वाटेंतच विरून जातो, आणि यंत्र शिकेनासें होतें. साधन मात्र चकार शब्द काढीत नाहीं! ज्यानें गणित हातानें केलें आहे, त्यालाच ही मुकी चूक ओळखूं येते.

मुरलेल्या पंडिताला अवघड पायरी कधीं अवघड होती, हेंच पुष्कळदां आठवत नाहीं. कालपरवां ठेंचाळलेल्याला दगड नेमका ठाऊक असतो. अर्थात् तरुण म्हणजे उत्तम शिक्षक, असें मी म्हणणार नाहीं. या वर्गावर अनुभवी प्राध्यापिकेची नजर होती, हें विसरतां कामा नये.

पहिल्या वर्षीं वर्गांत 150 विद्यार्थी होते, 2016 सालीं 330, आणि 2017 सालीं 750. त्याचीं टिपणें सर्वांस मोफत खुलीं आहेत. आपल्याकडील एखाद्या महाविद्यालयांत हा विषय शिकविणारें कोणी नसेल, तर चारपांच मुलांनीं तीं टिपणें घेऊन आठवड्यांतून एकदां जमावें, आणि पाळीपाळीनें एकेकानें फळ्यापाशीं उभें राहावें. आरंभ बॅकप्रोपगेशनपासून केला तरी चालेल. खडू मात्र भरपूर ठेवावा.