सर्‍याचा जंतु आणि माणसाचें रक्त

आमच्या नांदगाव पेठेसारख्या वऱ्हाडांतील गांवीं पावसाळा लागला म्हणजे गोठ्यांत गोमाशांचा सुळसुळाट होतो. बैल शेपटी आपटून थकतो, आणि माशी एका जनावराचें रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर जाऊन बसते. तिच्या सोंडेस लागलेल्या रक्ताबरोबर कधीं कधीं एक एकपेशीय जंतूहि जातो. घोडा, उंट, गाय, म्हैस यांना त्यापासून जडणाऱ्या रोगास 'सर्रा' म्हणतात. पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनीं हा जंतु १८८० सालीं डेरा इस्माईलखानाकडील घोड्याउंटांच्या रक्तांत पाहिला. म्हणून त्याचें नांव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय.

ह्या जंतूचा संसार मोठा उधळ्या आहे. आपल्या पेशी साखरेच्या एका रेणूपासून शक्तीचीं सुमारें तीस नाणीं पाडतात. हा मात्र दोनच पाडतो आणि उरलेला अर्धवट माल रक्तांत फेकून देतो. परंतु जो साखरेच्या प्रवाहांतच पोहतो, त्यानें काटकसर कोणासाठीं करावी? साखर फोडण्याचीं बहुतेक साधनें तो 'ग्लायकोसोम' नांवाच्या चिमुकल्या पिशव्यांत बाळगतो. त्यांचा शोध ओपरडोज व बोर्स्ट यांनीं १९७७ सालीं लाविला. शिवाय अंगावरील प्रथिनांचा अंगरखा तो वरचेवर पालटतो. शरीरानें एक ओळखावा, तों दुसरा तयार! म्हणूनच ताप उतरतो नि पुन्हां चढतो.

माणसाला मात्र हा रोग सहसा होत नाहीं. जंतूस रक्तांतील लोहयुक्त द्रव्य हवें असतें. त्या लोभानें तो एक रक्तकण-द्रव्याची जोडी गिळतो, आणि तिच्यासंगें 'एपोएल-१' नांवाचें प्रथिनहि पोटांत घेतो. तें त्याच्या पाचक पिशवीला भोंकें पाडतें; पिशवी फुगते आणि जंतु मरतो. चोरानें चोरलेल्या लाडवांतच विष निघावें, तसा हा प्रकार.

असें असतां २००४ सालीं आपल्या विदर्भांतच, चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हा जंतु जिवंत वळवळतांना दिसला. पांच महिने त्या गृहस्थास ताप येत-जात होता. जगांत असा नीट नोंदलेला हा पहिलाच मनुष्य. त्याच्या रक्ताची परीक्षा झाली, तेव्हां २००६ सालीं उलगडा झाला: आईबापांकडून मिळालेल्या दोन्ही जनुकांत दोष असल्यानें तें रक्षक प्रथिन त्याच्या शरीरांत तयारच होत नव्हतें. तें बाहेरून मिसळतांच त्याच्या रक्तद्रवासहि जंतु मारण्याची शक्ति आली.

मेंदूपर्यंत जंतु पोंचला नव्हता, हें त्याचें भाग्य. कारण सुरामिन हें जुनें औषध मेंदूंत शिरत नाहीं. त्याच औषधानें तो बरा झाला. पुढें त्याच्या गांवांतील १८०६ लोकांची रक्तचांचणी घेण्यांत आली. जंतूशीं गांठ पडल्याच्या खुणा बऱ्याच जणांत आढळल्या, पण जिवंत जंतु एकाहि माणसांत सांपडला नाहीं. गोठ्यांत मात्र गोमाशी अजून तशीच फिरते आहे, आणि बैलाच्या रक्तांत तें प्रथिन नाहीं.