गोंगाटातला क्षीण आवाज



लग्नाच्या मांडवात बँड वाजत असतो आणि कोपऱ्यात बसलेली आजी काही सांगू पाहते. अशा वेळी आपण तिला ओरडायला लावीत नाही. आपला कान तिच्याजवळ नेतो आणि जमल्यास बँडवाल्याला क्षणभर थांबवतो. हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांची, निम्मी विद्या या दोन कृतींत येते.

आमचा विषय १६०, ८० आणि ४० मीटरच्या लांब लहरींचा. दिवसा वातावरणातला एक विद्युतभारित थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि दूरदूरचे आवाज कानी पडू लागतात. पण त्यांच्याबरोबर शेकडो मैलांवर कडाडणाऱ्या विजांची खरखरही येते. म्हणून वळवाच्या दिवसांत कान किटतात आणि थंडीतल्या रात्री त्यामानाने निवांत जातात. शहरात यात घरोघरच्या उपकरणांच्या गोंगाटाची भर पडते.

अशा क्षीण आवाजाचे मोल मुंबईने एकदा जाणले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर तो बोलत असे. आज हॅम मंडळी वापरतात त्या ४० मीटरच्या पट्ट्यातच ही लहर येते. सरकारने त्यावर गोंगाट सोडून तो बुजवण्याचा प्रयत्न केला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात पोलिसांची धाड पडली, तोवर लोक त्या खरखरीतून बातम्या वेचून घेत होते.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. अँटॉप हिलला आमच्या गच्चीवर एरियलची तार आहे. रात्री ८० मीटरवर कान द्यावा तर नुसती घरघर. आम्ही आधी लोकलच्या विजेला बोल लावला, मग वरच्या बिऱ्हाडातल्या पंपाला. त्या शेजाऱ्यांशी चार शब्द वाकडेही झाले. अखेर एका रात्री रेडिओ बॅटरीवर लावून आम्ही आमच्याच घराचे मेन स्विच बंद केले, आणि घरघर थांबली! मग एकेक बटण चालू करीत गेलो. गुन्हेगार निघाला आमच्याच देवघरातला एलईडी दिवा. त्याच्या पोटातले छोटे यंत्र वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते, आणि घरातली वायर त्याचे एरियल बनते. दुसऱ्या दिवशी आम्ही वर जाऊन माफी मागितली. चहा मिळाला!

यातून पहिला धडा : शोध स्वतःच्या घरापासून सुरू करावा. दिवा बदलावा किंवा उपकरणाची वायर फेराइटच्या कड्यातून चारपाच वेढे घेऊन न्यावी.

दुसरा धडा : आवाज मोठा करून भागत नाही, कारण बटण पिळले की गोंगाटही तेवढाच वाढतो. संदेश आणि गोंगाट यांचे प्रमाण सुधारले पाहिजे. लाकडी चौकटीवर गुंडाळलेले, मीटरभर रुंदीचे तारेचे वेटोळे लांब तारेपेक्षा कितीतरी कमी ऐकते. पण ते फिरवून गोंगाटाच्या दिशेला बहिरे करता येते. मग कमी आवाजातही शब्द उमटतो.

तिसरा धडा : दार अरुंद ठेवावे. बोलण्याला सुमारे २४०० हर्ट्‌झचा पट्टा लागतो, मोर्सच्या कट्ट-कडकट्टला २४० पुरतो. दार दशांश केले की आत शिरणारी खरखरही दशांश होते. म्हणून जिथे बोलणे बुडते तिथे मोर्स तरते.

आणि गोंगाटाचा तिरस्कारही नको. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या अभियंत्याला रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते हे शोधायला नेमले होते. विजांची खरखर वगळल्यावर त्याला एक मंद सुस्कारा उरलेला दिसला. १९३३ साली त्याने जाहीर केले की तो आपल्या आकाशगंगेकडून येतो. रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म त्या खरखरीतून झाला.

तेव्हा आज घरी गेल्यावर जुना ट्रान्झिस्टर काढा, मीडियम वेव्हवर लावा आणि घरभर फिरवा. कोणता दिवा, कोणता चार्जर बडबडतो ते कळेल. तो गप्प केलात, तर तुमच्या आळीतल्या एखाद्या हॅमला फार दूरचा कोणीतरी ऐकू येईल. कदाचित तो मदत मागत असेल.