शाळेचे वाय-फाय आणि किल्लीचा हिशेब



आजचा विषय दिसायला किरकोळ आहे : शाळेतील वाय-फाय, त्याची सुरक्षितता, आणि त्यात प्रवेश कोणाला द्यावा याची व्यवस्था. कामगार चळवळीतल्या माणसाने या यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न यंत्राचा थोडा आणि माणसांच्या व्यवस्थेचा फार आहे. कारखान्याच्या फाटकातून कोण आत आला, कोणाच्या परवानगीने आला, आणि काही बिघडले तर जबाब कोणाला द्यावा लागतो, हे पाहण्यात आमची उमर गेली. शाळेलाही आता असे एक फाटक बसले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

पुष्कळ शाळांत आज काय चालते? कार्यालयाच्या भिंतीवर एक यंत्र, त्याला एक पासवर्ड, आणि तोही शाळेचे नाव व स्थापनेचे साल जोडून केलेला. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना तो ठाऊक. परीक्षेच्या कामाला आलेले परगावचे शिक्षक तो घेऊन जातात. मग एखादा चुणचुणीत मुलगा गुरुजींच्या फोनवरचे चौकोनी क्यूआर चिन्ह आपल्या फोनने टिपतो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तो पासवर्ड सबंध दहावीत पसरतो. जी किल्ली तीनशे जणांच्या खिशात आहे, तिला किल्ली म्हणावे काय?

‘मुले फार तर सिनेमा पाहतील, त्यात काय बिघडले?’ असे म्हणणारे भेटतात. परंतु त्याच वाय-फायवर शाळेचे कार्यालयही बसलेले असते. ‘सरल’ आणि ‘यूडायस प्लस’ यांवर मुलांच्या नोंदी भरल्या जातात, त्यांत जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. ‘शालार्थ’वर शिक्षकांची पगारबिले होतात. ही सरकारी संकेतस्थळे आपले स्वतंत्र कुलूप लावतात हे खरे. पण कार्यालयातील संगणकाचे सर्वांना उघडे ठेवलेले फोल्डर, छपाईयंत्र, पहाऱ्याचे कॅमेरे, आणि मूळ पासवर्ड कधीच न बदललेले ते भिंतीवरचे यंत्र, हे सारे आत शिरलेल्या प्रत्येकाच्या हाताशी येते. म्हणजे वर्गाची खोली आणि तिजोरीची खोली यांना आपण एकच दार ठेवले आहे.

कुलूप बनविणारे स्वस्थ बसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले, तेव्हा ‘डब्ल्यूईपी’ नावाचे कुलूप दिले होते. २००१ साली फ्लूरर, मांटिन आणि शमीर या तिघा शास्त्रज्ञांनी त्याचा मूलभूत दोष दाखवून दिला. २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आले. २०१७ साली बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठातील माथी व्हान्हूफ यांनी त्यातली फट उघड केली. यंत्रांच्या प्रणाली सुधारून ती बुजविता आली. २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’ जाहीर झाले. नवे यंत्र घेताना हे शेवटचे कुलूप त्यात आहे ना, आणि कंपनी त्याच्या सुधारणा वेळोवेळी पुरवते ना, हे अवश्य पाहावे. परंतु कुलूप कितीही नामी असले, तरी किल्ली फळ्यावर लिहून ठेवली तर त्याने काय करावे?

याचा पुरावा परदेशात मिळतो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने, जानेवारी २०२२ ते ऑगस्ट २०२४ या काळात शिक्षणसंस्थांतील आतल्याच माणसांकडून माहितीचा भंग झाल्याची २१५ प्रकरणे तपासली. त्यांपैकी ५७ टक्के विद्यार्थ्यांनी केलेली होती. ३० टक्के प्रकरणांत दुसऱ्याचे लॉगिन चोरून वापरले होते. आणि सुरक्षा भेदण्याचे खास तांत्रिक कौशल्य किती प्रकरणांत लागले? अवघ्या ५ टक्क्यांत! बाकीचे काम सोप्या पासवर्डांनी, उघड्या टाकलेल्या संगणकांनी आणि नको त्याला दिलेल्या अधिकारांनी भागले. म्हणून आम्ही म्हणतो की दोष शोधायचा तो आधी आपल्या शिस्तीत.

मग करावे काय? तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वाटा वेगळ्या कराव्यात. कार्यालय, शिक्षक, विद्यार्थी आणि पाहुणे यांना एकाच यंत्रसंचातून चार निरनिराळ्या वाय-फाय वाटा देता येतात. अशी सोय असलेली यंत्रे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. मात्र चार नावे दिली म्हणजे चार वाटा झाल्या असे नव्हे. एका वाटेवरून दुसरीवर जाता येणार नाही, अशी मांडणी जाणकाराकडून करून घेतली पाहिजे. दुसरी, प्रत्येकाला स्वतःची किल्ली द्यावी. ज्याचे त्याचे नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड, आणि दारावर एक सेवक-संगणक, जो यादी पाहून आत सोडतो. यासाठी ‘फ्रीरेडियस’ नावाची प्रणाली फुकट मिळते. युरोपात या शतकाच्या आरंभी याच तत्त्वावर ‘एड्युरोम’ उभे राहिले. एका विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्याच नावाने दुसऱ्या विद्यापीठाचे वाय-फाय वापरतो, आणि भारतात ही व्यवस्था ‘अर्नेट’ पाहते. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित : माणूस गेला की किल्ली परत घ्यावी. कामगार नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचा फाटकाचा पास जमा होतो; शाळेचा दाखला घेऊन गेलेल्या मुलाचा पासवर्ड मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. ज्या लहान शाळेला सेवक-संगणक परवडत नाही, तिने निदान पाहुण्यांची वाट वेगळी ठेवावी आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी पासवर्ड बदलावा. याला पैसा जवळजवळ लागत नाही.

आता आमच्या खऱ्या मुद्द्यावर येतो. या किल्ल्या सांभाळणार कोण? आपल्या राज्यात शाळांना संगणक देण्याची आयसीटी योजना आली, ती खाजगी कंपन्यांशी ठराविक वर्षांचे करार करून. संगणक शिक्षक नेमले ते कंत्राटी. करार संपला, शिक्षक घरी गेला. संगणकखोलीला कुलूप लागले, आणि कोणता पासवर्ड कोणाकडे आहे हे सांगणारा माणूसच राहिला नाही. ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याच्याकडून दहा वर्षांच्या नोंदी जपण्याची अपेक्षा कशी करावी? यंत्रासाठी निविदा निघतात, माणसासाठी मात्र निधी नसतो. आणि एक दिवस काही विपरीत घडले, म्हणजे चौकशीत पहिला पकडला जातो तो शिपाई किंवा लिपिक. कारण पासवर्ड त्यालाही ठाऊक होता. चोर सोडून संन्याशाला सुळी! २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण उघडकीस आले, अधिकाऱ्यांना अटक झाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्याच्या निकालाविषयी बोलणे आमचे काम नव्हे. पण अशा कोणत्याही चौकशीत पहिला प्रश्न हाच येतो की, त्या घटकेला त्या लॉगिनवर कोण बसले होते? जिथे एक लॉगिन पाचजण वापरतात, तिथे खऱ्या गुन्हेगाराला आडोसा मिळतो आणि निरपराधाला स्वतःचा बचाव करता येत नाही. ज्याची त्याची वेगळी किल्ली ही गरीब नोकराची ढाल आहे. म्हणून ही मागणी शिक्षक-शिक्षकेतरांच्या संघटनांनी स्वतः होऊन केली पाहिजे.

तथापि एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रत्येकाचे नाव नोंदले गेले की, कोणी काय पाहिले याचीही वही तयार होऊ लागते. फाटकावरचा पहारेकरी कामगाराच्या डब्यात काय आहे हे रोज उघडून पाहू लागला, तर आम्ही संप करू! २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास मूल मानले असून मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यास बंधन घातले आहे. शिक्षण आणि सुरक्षितता यांपुरती शाळांना नियमांत मोकळीक आहे. पण मोकळीक म्हणजे मोकाट परवाना नव्हे. कोण आत आला ही नोंद ठेवावी, ती ठराविक मुदतीनंतर पुसावी, आणि ती कोण पाहू शकतो हे लेखी असावे.

आपण नागरिकांनी काय करावे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. ती सत्ता आपल्याच हाती आहे. पुढच्या सभेत चारच प्रश्न विचारा : वाय-फायच्या वाटा किती आहेत? पासवर्ड शेवटचा कधी बदलला? सोडून गेलेल्यांची नावे यादीतून काढली काय? आणि हे काम पाहणाऱ्या माणसाचे नाव, वेळ व पगार कागदावर आहे काय? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे ऐकण्याची गरज नाही. तेवढे उत्तर मिळेपर्यंत सभेतून उठू नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.