बसलं की बरं वाटतं, त्याची गोष्ट
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सोसायटी 25 वर्षांची झाली. आपण राहायला आलो तेव्हा मी पन्नाशीत होतो. आता पंचाहत्तरी गाठली. म्हणून आज कमरेविषयी बोलतो.

तुकोबारायांच्या पालखीबरोबर बारामती ते इंदापूर मी कित्येक वर्षं चाललो. सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, सगळी वाट पायाखालची. एका वर्षी सणसरच्या अलीकडेच पाय भरून आले, पोटऱ्यांत मुंग्या. रस्त्याकडेला बसलो की बरं, चाललो की पुन्हा तेच. घरात बोललो नाही. पुढच्या वर्षी वारीच चुकवली. गंमत म्हणजे सायकलवर मंडईत जाताना काहीच दुखत नव्हतं!

डॉक्टरांनी नेमकी हीच खूण धरली. वयोमानाने मणक्यांचे सांधे जाड होतात, चकत्या झिजतात आणि कमरेतली नसांची वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आवळते, पुढं वाकलं की मोकळी होते. रक्तवाहिनीच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. यात बसावं किंवा वाकावं लागतं. शुगरवाल्यांनी दोन्ही तपासून घ्यावं.

मला ऑपरेशनची धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, एमआरआय बघून नाही, तुम्ही किती चालू शकता ते बघून ठरवू. 2015 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशनची गरज असलेले 169 रुग्ण होते. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि व्यायामवाले यांची हालचाल साधारण सारखीच निघाली. मात्र व्यायामवाल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे आधी व्यायाम, नाही भागलं तर ऑपरेशन. त्यात कमीपणा नाही.

मी उताणं झोपून गुडघे छातीशी घेतो, सायकल चालवतो, बसत-बसत फिरतो. वाट रुंद झाली नाही, पण माझं फिरणं वाढलं.

एक मात्र विसरू नका. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून आतल्या रस्त्यावर थोड्या-थोड्या अंतरावर बाकडी बसवा. बसायला जागा असली, की आम्ही म्हातारी माणसं घराबाहेर पडू.

रामकृष्णहरी!