कामावरची चिठ्ठी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे मागावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा हा गृहस्थ संगणकावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले तर त्यात नवल नाही. पण मजुराचा पगार हल्ली मुकादमाच्या वहीत नव्हे, संगणकात ठरतो. मग तिकडे पाठ फिरवून आम्हा युनियनवाल्यांचे कसे चालेल?

मी कापड विणीत होतो तेव्हा प्रत्येक ताग्यावर मागाचा नंबर, विणकराचा नंबर आणि पाळी लिहिलेली असे. कापडात खोट निघाली की ती कोणत्या मागावरची, हे तपासनीसाला तेथल्या तेथे कळे. चिठ्ठी गळालेला तागा आला की मात्र भांडण ठरलेले. दंड कोणाचा तरी कापायचाच. मग तो दुबळ्याचा कापला जाई.

संगणकातही अशी कामांची साखळी असते. एक काम हजेरीचे आकडे गोळा करते, दुसरे त्यांतल्या चुका काढते, तिसरे तास मोजते, चौथे बँकेकडे यादी धाडते. ही साखळी रात्री धावते, अडली तर पुन्हा धावते. कामांची नावे रोज तीच. मग कोणते काम कोणत्या धावेतले, हे ओळखावे कसे? त्यासाठी प्रत्येक कामावर चिठ्ठी लावतात. तिला ते लेबल म्हणतात. साखळी पगाराची, धाव अमुक क्रमांकाची, एवढेच तिच्यावर असते. गूगलच्या डेटाप्रॉकमध्ये कामांची साखळी बांधून दिली, तर त्या धावेचा क्रमांक प्रत्येक कामावर आपोआप लागतो. बिगक्वेरीत तो आपण लावायचा. आणि काम एकदा पाठवले की मागाहून चिठ्ठी डकवता येत नाही. मला हा नियम फार आवडला. तागा मागावरून उतरून गेल्यावर नंबर घालणारे महाभाग मी पाहिलेले आहेत!

एका कारखान्यात कंत्राटी माणसांचे दोन दिवसांचे तास गळाले. साहेब म्हणाले, "संगणकाने केले." मी विचारले, "कोणत्या धावेने?" त्यांचा तरुण इंजिनियर प्रामाणिक होता. तो हळूच म्हणाला, "काका, त्या रात्री साखळी तीनदा चालली. नोंदी सगळ्या सारख्याच दिसतात. चिठ्ठी कोणी लावलीच नाही." आमच्या एका बाईने घरच्या कॅलेंडरवर पाळ्यांच्या खुणा केल्या होत्या, तिला पैसे मिळाले. ज्यांच्याकडे खुणा नव्हत्या, त्यांचे राहिले ते राहिलेच.

मात्र चिठ्ठी कामावर हवी, कामगारावर नको. माणसाचे नाव किंवा फोन लेबलात घालू नये, असे गूगलही बजावते. कारण ही लेबले बिलाच्या हिशेबातही उमटतात आणि अनेकांच्या नजरेस पडतात.

पुढच्या करारात आम्ही दोन कलमे मागितली : पगाराच्या प्रत्येक धावेला लेबल, आणि त्या धावेचा क्रमांक पगारपत्रकावर. पहिले मान्य झाले. दुसऱ्यासाठी परवा पुन्हा बैठक आहे.