बाबांची पद्मिनी आणि तिचा एक्सल



आम्ही दोघी बहिणी. एक मुलुंडला राहते, दुसरी घाटकोपरला. आज आम्ही गाडीच्या अशा भागाविषयी बोलणार आहोत, जो सहसा कुणाला दिसत नाही. पण बंद करू नका हं रेडिओ, गोष्ट घरातलीच आहे.

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८८ सालची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. पद्मिनी हे नाव तिला १९७४ च्या सुमारास मिळालं. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्हीही तिच्यात बसला असाल. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला टॅक्सीतली पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता आमची गाडी सिग्नलला थांबली की शेजारचा मोटरसायकलवाला फोटो काढतो.

बाबा गेल्यावर गाडी आम्ही ठेवली. रविवारी चालवायची, आईला देवळात न्यायचं, एवढंच. दोन वर्षांपूर्वी आईने हट्ट धरला, "गणपतीला चिपळूणला आपल्याच गाडीने जाऊ. तुझ्या बाबांनी दरवर्षी नेलं." आम्हीही हो म्हटलं.

खरं तर गाडी तेव्हा सांगत होती. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून "खट्" असा आवाज यायचा. रिव्हर्स घेताना पुन्हा खट्. वेग वाढला की मागे घरघर सुरू व्हायची. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसायचा. आम्ही फडक्याने पुसायचो आणि म्हणायचो, जुनी गाडी आहे, थोडं तेल गळणारच.

निघायच्या आधी दाखवून घेऊ म्हणून ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी मागची बाजू उचलली, खाली लोखंडी स्टँड लावले, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक हललं. काका म्हणाले, "ताई, गाडी आज इथेच राहील."

आता हा एक्सल शाफ्ट म्हणजे काय ते सांगतो. पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांची. इंजिनाची ताकद लांब दांड्यातून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत येते. तिथून दोन पोलादी शाफ्ट दोन चाकांकडे जातात. शाफ्टच्या आतल्या टोकाला दाते असतात, ते डिफरन्शिअलच्या गिअरमध्ये बसतात. बाहेरच्या टोकाला बेअरिंग, ऑइल सील आणि चाक. या जातीच्या गाडीत शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. म्हणून तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर गाडी नुसती बंद पडत नाही, ब्रेकच्या ड्रमसकट चाकच निसटू शकतं.

काकांनी शाफ्ट बाहेर काढला. बेअरिंग बसते ती जागा बघून विचारलं, "हे वेल्डिंग कुणी केलं?" कुणीतरी झिजलेल्या जागेवर वेल्डिंग भरून लेथवर गोल करून घेतली होती. काकांनी शाफ्ट स्वच्छ पुसला, लाल रंगाचं औषध लावलं, थोड्या वेळाने पुसून टाकलं आणि वर पांढरा फवारा मारला. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटली. ती तडा होती.

आम्ही दोघी गप्प झालो. आठवड्याने याच शाफ्टवर आई आणि मुलांना घेऊन आम्ही रात्रीचा कशेडी घाट उतरणार होतो.

काकांनी कारण समजावलं. शाफ्टचं पोलाद भट्टीत तापवून, थंड करून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग बिघडतो. वरून गुळगुळीत दिसतं, पण चाक फिरेल तसा ताण रोज त्याच जागी येतो आणि तिथून तडा सुरू होते.

त्या वर्षी चिपळूणला आम्ही एसटीने गेलो. आई तीन दिवस आमच्याशी धड बोलली नाही. परत आल्यावर तिला गॅरेजमध्ये नेऊन ती लाल रेघ दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे यांनीच करून घेतलं होतं. धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती. नवा शाफ्ट पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले."

ते पुढचं वर्ष आलंच नव्हतं. आम्हाला बाबांचा राग आला नाही. फक्त कळलं, की आपण बाबांची आठवण म्हणून जी गाडी पुसत होतो, तिच्यात त्यांची काटकसरही होती, आणि ती आता बदलायची वेळ आली होती.

आधी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फिरलो. एक जोडी मिळाली, पण एका शाफ्टचे दाते सरळ नव्हते, किंचित पिळलेले होते. म्हणजे त्याने आधीच जास्त भार सोसलेला. तो सोडला. शेवटी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये जुना शाफ्ट नमुना म्हणून दिला आणि ईएन २४ जातीच्या पोलादाचे दोन नवे शाफ्ट करून घेतले. दाते पाडले, उष्णता देऊन कणखर केले, बेअरिंगची जागा ग्राइंडिंग करून मापात आणली. तीन आठवडे गेले. सोबत दोन्ही बाजूंची बेअरिंग, सील आणि बेअरिंग धरून ठेवणाऱ्या रिंगा नव्या घातल्या. बेअरिंग हातोडीने न ठोकता प्रेसवर बसवली. तेलाने भिजलेले ब्रेकचे शूज बदलले, कारण ते धुऊन पुसून पुन्हा भरवशाचे होत नाहीत. एक्सलच्या वरचं हवा जायचं छोटं भोक मातीने बुजलं होतं, तेही साफ केलं. ते बुजलं की आतल्या दाबाने तेल सीलमधून बाहेर येतं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. निघताना खट् आवाज, वेगाबरोबर वाढणारी घरघर, मागच्या चाकाच्या आत तेल, उचलल्यावर हलणारं चाक, यातलं एक जरी दिसलं तरी लांबचा प्रवास थांबवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणाला जाऊ देऊ नका. शाफ्टला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. जुना शाफ्ट विकत घेताना लांबी, जाडी आणि दात्यांची संख्या आपल्या शाफ्टशी जुळवून बघा. आणि काढलेला भाग मागून घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "तुम्हाला काय कळणार ताई" असं कुणी म्हटलं, तरी बघा.

"चालतंय तोवर चालू दे" असं आपण गाडीबद्दल म्हणतो, तसंच स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही म्हणतो. आमची आई गेली दोन वर्षं तेच म्हणत होती. गाडी दुरुस्त झाल्यावर पहिली फेरी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेण्यासाठी मारली. निघताना मागून आवाज आला नाही. आई म्हणाली, "किती शांत चालतेय गं."

गेल्या गणपतीला आम्ही चिपळूणला गेलो. घाट दिवसाउजेडी उतरलो, दोघींनी आळीपाळीने चालवत. जुना शाफ्ट आईने घरी आणून ठेवलाय, दाराला अडसर म्हणून.